सरासरी दोन टप्पे

बाबा घरात असले तरी माझ्याशी आईमार्फतच बोलायचे. "पोरीला सांग, दार ओढून घे." मी दाराशीच उभी असायची. आई चुलीपुढून मान न वळवता म्हणायची, "दार ओढून घे म्हनतात." मग मी दार ओढायची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आमच्या आळीत बऱ्याच घरांत असंच होतं. मुलगी मोठी व्हायला लागली की बापाचं तिच्याशी बोलणं आपोआप कमी होत जायचं, आणि उरलेलं आईच्या तोंडून यायचं.

मला मात्र फार वाटायचं की बाबांनी एकदा तरी माझ्याशीच बोलावं. काय बोलावं ते माझं ठरलेलं नव्हतं. नुसतं माझ्याकडं बघून, मधे कुणी नसताना, काहीही. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते वाटतही नव्हतं.

बाबा दोन वर्षांतून एकदा महिनाभर यायचे. एरवी ते आखातातल्या एका बंदरात टगवर खलाशी होते. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ढकलून-ओढून धक्क्याला लावणारी छोटी, पण दणकट बोट. त्याआधी आमची स्वतःची होडी होती. रोडपालीच्या पलीकडं खाडीला टेकून आमचं गाव, आणि आई कळंबोलीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. पुढं खाडीत मासळीच कमी झाली, होडी गेली आणि बाबाही गेले.

मी शाळेत होते तेव्हा गावात आमच्या ओळखीत कुणाकडं फोन नव्हता. पनवेलच्या बाजारात एका चाचांचं दोरखंड आणि ताडपत्र्यांचं दुकान होतं. होडी होती तेव्हापासून बाबा त्यांचं गिऱ्हाईक. बाबा तिथं फोन करायचे. चाचा निरोप लक्षात ठेवायचे. आमच्या आळीतले एक काका पनवेल-कळंबोली मार्गावर सहा आसनी रिक्षा चालवायचे, ते दुपारी चाचांच्या दुकानावरून जाताना थांबायचे. चाचा त्यांना सांगायचे, काका संध्याकाळी रिक्षा लावून आमच्या दारात यायचे आणि आईला सांगायचे. मग त्यातलं माझ्यापुरतं जे असेल ते आई मला सांगायची. बहुतेक वेळा एवढंच असायचं, "अभ्यास करायला सांगितलाय."

एकदा काका आले आणि ओट्याशी उभ्याउभ्या म्हणाले, "वहिनी, फोन आलता. खुशाल हाय. येतो म्हनाले."

आईच्या हातात सूप होतं. ते तिनं खाली ठेवलं. "कधी?"

"ते नाय सांगितलं. येतो म्हनाले, एवढंच."

बाबांना जाऊन तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. पण आईनं जास्त विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली नाही. घर झाडून काढलं, गाद्या उन्हात टाकल्या. बाबांना खाडीतले खेकडे, चिंबोऱ्या, फार आवडायच्या, म्हणून खाडीवरून सहा मोठ्या चिंबोऱ्या आणल्या, त्यांच्या नांग्या दोऱ्यानं बांधल्या आणि टोपलीत ओल्या गोणपाटाखाली जिवंत ठेवल्या. दिवसातून दोनदा ती गोणपाटावर पाणी शिंपडायची. मी शाळेतून आले की आधी टोपली बघायची. चिंबोऱ्या आहेत म्हणजे बाबा अजून आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दोन मेल्या तेव्हा आईनं उरलेल्या चारांचं कालवण केलं. आम्ही दोघी जेवलो. 

पाचव्या दिवशी आई मला घेऊन पनवेलला चाचांच्या दुकानात गेली.

"चाचा, कधी येतात म्हनाले?"

"कोण? कुठे?"

"ह्यांचं इचारते. तुमी निरोप दिला ना, येतो म्हनाले."

चाचांना क्षणभर काही उमगलं नाही. मग ते हसले. "अहो वहिनी, ते तर फोन ठेवताना म्हणाला. 'बरं चाचा, येतो.' आपण निघताना म्हणतो तसं. जातो कसं म्हणेल?" आणि मग त्यांनी आईचा चेहरा पाहिला आणि हसणं थांबवलं. "या खुदा. माझी गलती झाली. मी आपलं जसंच्या तसं सांगितलं."

आई म्हणाली, "बरोबरच सांगितलंत." चाचांनी चहा मागवला. आईनं तो बशीत ओतून मला दिला. परत येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "फोन ठेवताना बी येतोच म्हनायचं असतं व्हय?"

ही गोष्ट चाचांनी बाबांच्या कानावर घातली असणार. कारण त्यानंतर बाबा फोन संपवताना "ठेवतो" म्हणायला लागले. मोबाइल आल्यावर मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. शुक्रवारी त्यांना सुट्टी असायची. दुपारी जेवणं झाली की आई मोबाइल मधे ठेवायची आणि मी त्याचा स्पीकर चालू करून द्यायची. सगळ्यांना ऐकू यायचं. मी फोनपासून हातभर अंतरावर बसलेली.

"पोरीला सांग, डबा घेऊन जात जा."

"डबा घेऊन जात जा म्हनतात," आई माझ्याकडं वळून.

"त्यांना सांग, नेते आहे."

"नेते हाय म्हनते," आई फोनमध्ये.

चाचा गेले, काका गेले, दोन टप्पे गळाले. आवाज समुद्रापलीकडून माझ्या गुडघ्यापर्यंत यायचा. तरी मधे आई होतीच.

माझ्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. इंजिनिअरिंग म्हणजे काय हे प्रवेश घेईपर्यंत मला नीट माहीत नव्हतं. टेलिकम्युनिकेशन ही शाखा मी निवडली, कारण तिथं जागा मिळत होती. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचे विषय वाटले गेले तेव्हा सगळ्यांनी पटापट रोबोट आणि गजराची सर्किटं उचलली. मी विचार करत राहिले आणि मागं राहिले. माझ्याबरोबर कळंबोलीची एक मैत्रीण राहिली. तिचे वडील लोखंड बाजारात हमालीची पावती लिहायचे. आम्हा दोघींच्या वाट्याला उरलेली चिठ्ठी आली. प्रकाशावर चालणाऱ्या, अनेक टप्प्यांच्या नेटवर्कची कार्यक्षम रचना.

"यात विकत काही आणायला नको," मैत्रीण चिठ्ठी वाचून म्हणाली. "मला चालेल."

विषय शिकवणाऱ्या मॅडमनी आम्हाला तो फळ्यावर समजावला. मला अजून त्यांचे शब्द आठवतात, कारण मी ते वहीत जसेच्या तसे उतरवले होते. समजा आठ पेट्या आहेत. प्रत्येकीतून काचेची केसाएवढी तार निघते, आणि सगळ्या तारा मधे एका ठिकाणी जुळतात. तिथं सगळ्यांचा उजेड एकत्र होतो आणि परत सगळ्यांकडं जातो. म्हणजे प्रत्येकीचा उजेड प्रत्येकीपर्यंत पोचतोच. पण प्रत्येक पेटीला बोलायला दोन रंग आणि ऐकायला दोन रंग, एवढंच दिलेलं. ज्या रंगावर तुम्ही कान लावलाय तोच तुम्हाला ऐकू येणार.

"मग बाकीच्या रंगांचं काय होतं?" मी विचारलं. वर्गात मी क्वचितच काही विचारायची.

"काही नाही. दारापर्यंत येतो आणि वाया जातो. म्हणून पहिलीला पाचवीशी बोलायचं असेल, आणि पाचवी पहिलीच्या रंगावर ऐकत नसेल, तर निरोप आधी तिसरीला द्यायचा. तिसरी तो ऐकणार आणि पाचवीला ऐकू येणाऱ्या रंगात परत बोलणार. हा एक जादा टप्पा. कुणी कुणाच्या रंगावर कान लावायचा, ते तुम्ही ठरवायचं. असं ठरवायचं की कुणालाही कुणाशी बोलताना टप्पे कमीत कमी पडतील."

मी वही बंद केली आणि बराच वेळ तशीच बसले. मैत्रिणीला वाटलं मला विषय अवघड वाटतोय. मला उलट वाटत होतं की ही गोष्ट मला आधीपासून माहीत आहे, फक्त ती एवढ्या सरळ शब्दांत मी कधी ऐकली नव्हती. दारापर्यंत येतो आणि वाया जातो.

आम्ही आलेखाच्या कागदावर आठ गोल काढले. आठ पेट्या, प्रत्येकीचे बोलायचे दोन रंग, म्हणजे सोळा रंग. स्केचपेनच्या डबीत बाराच होते. उरलेले चार आम्ही तुटक रेघांनी दाखवायचं ठरवलं. पहिली रचना माझी होती. आठ पेट्या गोलात बसवल्या आणि प्रत्येकीनं आपल्या उजव्या आणि डाव्या शेजारणीशी बोलायचं. मला ते छान वाटलं, गावच्या आळीसारखं. पण समोरच्या पेटीपर्यंत जायला चार टप्पे लागत होते, आणि सरासरी सव्वादोनच्याही वर जात होती.

"शेजारणीशी बोलायला तार कशाला लागते?" मैत्रीण म्हणाली. "ओरडलं तरी ऐकू जातं. आमच्या इमारतीत तर न ओरडता ऐकू जातं."

तिनं हे थट्टेत म्हटलं, पण वाट तिथूनच सापडली. शेजारणींना सोडून लांबच्या पेट्यांना जोडायचं. आम्ही दोन-तीन आठवडे कागद रंगवले. प्रयोगशाळेतला संगणक आठवड्यातून दोन तासच मिळायचा, त्यामुळे बाकीची मोजणी हातानं. एका पेटीवर बोट ठेवायचं, एका टप्प्यात कुठं कुठं जाता येतं ते मोजायचं, मग दोन टप्प्यांत, मग तीन. शेवटी चार-चारच्या दोन रांगा करून एक मांडणी निघाली. कुठल्याही पेटीपासून दोघी एका टप्प्यावर, तिघी दोन टप्प्यांवर, दोघी तीन टप्प्यांवर. सरासरी बरोबर दोन. चारची वेळ कुणावरच येत नव्हती. गंमत म्हणजे कागदावर अगदी खेटून असलेल्या काही पेट्या आता तीन टप्प्यांवर गेल्या होत्या.

मी कागद मॅडमना दाखवला. त्यांनी तीन-चार वाटा बोटानं तपासल्या. "चांगलं आहे. आता सांग, सरासरी दोन म्हणजे काय?"

"निरोप दोन टप्प्यांत पोचतो, मॅडम."

"ते निरोपाचं झालं. पेटीचं काय झालं?"

मी पुन्हा कागदावरच्या गोलांकडं पाहिलं.

"निरोप दोनदा बोलला जातो, बरोबर? एकदा जिचा आहे ती बोलते, एकदा मधली बोलते. म्हणजे एकूण जेवढं बोलणं चाललंय, त्यातलं निम्मं दुसऱ्याचं आहे. प्रत्येक पेटीचा अर्धा जोर दुसऱ्यांचे निरोप वाहण्यात जातोय. टप्पे कमी करायचे ते नुसतं लवकर पोचावं म्हणून नाही. मधल्या पेटीला स्वतःचं काही बोलायला जागा राहावी म्हणूनही."

मी "हो मॅडम" म्हटलं आणि ते अहवालासाठी लिहून घेतलं.

त्या शुक्रवारी बाबांचा फोन आला तेव्हा मी नेहमीसारखी स्पीकर लावून बसले. पण त्या दिवशी माझा कान आईकडं होता. आधी आजोळचा निरोप झाला. मग आळीतल्या एका काकूंच्या मुलाला तिकडं काम लागेल का ते विचारून झालं. मग छपराचा पत्रा. मग माझं, की पोरीची परीक्षा कधी हाय, आणि पोरगी म्हनते पुढल्या महिन्यात. मग बाबा म्हणाले, "बरं, ठेवतो." आई म्हणाली, "ठेवा." आणि तिनं ओल्या बोटानं लाल बटण दाबलं.

तिचं स्वतःचं त्यात काहीच नव्हतं. मला आठवेना की कधी होतं का. इतकी वर्षं मी बाबांच्या एका वाक्यासाठी झुरत होते, आणि माझं प्रत्येक वाक्य आईच्या वाट्याच्या वेळातून जात होतं. मी हे कधी मोजलं नव्हतं. आठ पेट्यांचं मात्र बोट ठेवून मोजत होते.

मॅडमनी रचना मान्य केल्याची सही ज्या दिवशी केली, त्या दिवशी मी बाबांना माझ्या मोबाइलवरून मिस्ड कॉल दिला. महाग पडायचा म्हणून आम्ही आखातात फोन लावत नसू, मिस्ड कॉल द्यायचा आणि ते उलटा फोन करायचे. पण तो नेहमी आईच्या नंबरावरून जायचा. माझा नंबर त्यांच्याकडं नव्हता. मी कॉलेजहून येताना कळंबोलीला उतरले होते आणि रस्त्याच्या कडेला उभी होते. मागं ट्रक लावलेले. मोबाइल वाजला तेव्हा मला तो कापायची इच्छा झाली.

"हॅलो, कोन?"

"बाबा, मी."

"काय झालं? आई कुठं हाय?"

"आई घरी आहे. काही झालं नाही. मीच केला फोन."

तिकडं इंजिनाचा आवाज येत होता. इकडं एक ट्रक मागं घेत होते. "बरी हाय ना ती?"

"बरी आहे."

"मग दे तिला."

"ती इथं नाही, बाबा. मी रस्त्यावर आहे. कळंबोलीत."

 माझ्या लक्षात आलं की मी 'आहे' म्हणतेय. शाळेपासून मी 'आहे' म्हणत आले, आणि आई ते फोनमध्ये 'हाय' करून पाठवत आली. बाबांशी कसं बोलायचं हेच मला माहीत नव्हतं. बाबांनाही नसावं.

"जेवलीस?" ते म्हणाले.

"हो."

"बरं."

आता ते ठेवतील असं वाटून मी घाईघाईनं प्रोजेक्टबद्दल सांगायला लागले. आठ पेट्या, रंग, कुणाचा उजेड कुणापर्यंत. मधेच मला वाटलं की हे मी काय सांगतेय. पण बाबांनी मला मधेच थांबवलं.

"आमच्याकडं बी तसंच हाय. रेडिओवर."

"म्हणजे?"

"टगवर रेडिओ असतो ना. बंदरात वीस-पंचवीस बोटी, सगल्यांचा आवाज हवेत हाय. पण आपून ज्या चॅनलवर हाय तेच ऐकू येनार. मागं एकदा आमचा कप्तान भलतंच चॅनल लावून बसला. जहाज भोंगा मारून मारून दमलं. शेवटी बाजूच्या टगवरून एकानं हात हलवून सांगितलं, अरे बाबा, तुला बोलावतात." ते हसले. बाबांचं हसणं मी फोनवर कधी ऐकलं नव्हतं. "मग त्याला आमी आठवडाभर बहिरा म्हनत व्हतो."

मीही हसले. मग त्यांनी विचारलं की मधल्या पेटीला एकदम दोघांचे निरोप आले तर ती काय करते. मी सांगितलं, एकाला थांबावं लागतं. "मग तो थांबलेला कुठं थांबतो?" असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न चांगला होता. पेटीत थोडी जागा ठेवावी लागते, मी म्हटलं, वाट बघायला. ते "हं" म्हणाले.

मग थोड्या वेळानं म्हणाले, "तुझ्या आईला सांग, पोरीनं डोकं चालवलंय म्हनावं."

मी फोन कानाला लावून उभी होते. मधे कुणी नव्हतं. एवढ्या वर्षांनी मी त्यांच्याशी थेट बोलत होते, आणि त्यांनी माझं कौतुक आईला सांगण्यासाठी माझ्याच हातात दिलं. मला क्षणभर हसू आलं. 'सांगते' म्हणणं सोपं होतं. घरी जाऊन आईला सांगितलं असतं, आईनं वळून मलाच सांगितलं असतं.

"ते तुमीच सांगा तिला," मी म्हणाले. "शुक्रवारी. माझा काही निरोप नाय या वेळी. तुमी दोघंच बोला."

पुन्हा इंजिनाचा आवाज. "बरं," बाबा म्हणाले. "ठेवतो."

शुक्रवारी आईनं जेवणानंतर मोबाइल मधे ठेवला. मी स्पीकर लावला नाही. तो कसा बंद राहतो ते तिला दाखवलं आणि वाजला की कानाशी धर, असं सांगून फोन तिच्या हातात दिला.

"तुझं काय सांगू?" तिनं विचारलं.

"काही नाही. माझं बोलणं झालंय."

तिनं माझ्याकडं जरा संशयानं पाहिलं. काकूंच्या मुलाबद्दल मी आधीच काकूंना सांगून ठेवलं होतं की बाबांचा नंबर घ्या आणि तुम्हीच विचारा. फोन वाजला. आई थोडा वेळ जागेवरच "हो, हो" करत राहिली, मग उठली आणि मागच्या दारानं बाहेर गेली. मला तिची पाठ दिसत होती. ती एका हातानं कुंपणाची काठी धरून उभी होती. काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं. नेहमीपेक्षा फार जास्त वेळ झाला. एकदा ती हसल्यासारखी वाटली, एकदा तिनं पदरानं डोळे पुसले, पण ऊन समोरून होतं, तेव्हा त्याचं मी काही धरत नाही.

आत आली तेव्हा फोन तिनं फळीवर ठेवला आणि रात्रीसाठी तांदूळ निवडायला बसली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय नाय."

"माझं काही?"

आईनं ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "आमचं बोलनं व्हतं गं," ती म्हणाली.

मी परत विचारलं नाही. विचारायची खूप इच्छा होती. पुढं बाबा कायमचे परत आले आणि मी नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात राहायला लागले, तरी ती इच्छा आहेच. बाबांनी तिला ते वाक्य सांगितलं की नाही, मला आजही माहीत नाही. सांगितलं असेल तर ते आईनं स्वतःजवळ ठेवून घेतलं. त्या दुपारी ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. निवडून झालेले पुन्हा निवडले.